अशोककुमार आणि दुधी भोपळा

अशोककुमारांनी मला दुधी भोपळा खायला सांगितलं होतं. १९८४ साली. एकदा नाही, चांगलं तीनदा. रात्री झोपताना दात घासावेत, ओले पाय घेऊन गादीवर चढू नये आणि वजाबाकीत हातचा विसरू नये, हेही त्यांचंच सांगणं. दूरदर्शनवरच्या 'हम लोग' मालिकेचा भाग संपला की ते पडद्यावर यायचे, त्या दिवशी कुणाचं काय चुकलं ते समजुतीनं सांगायचे आणि जाता जाता माझ्यासाठी काहीतरी ठेवून जायचे. मी ते निमूट पाळायचो. वडिलांनी दुधी वाढला की मी ताट सरकवायचो. पण खुद्द अशोककुमारच म्हणत असतील, तर मग प्रश्न मिटला.

यावर माझी गेल्या वर्षापर्यंत पक्की श्रद्धा होती.

आम्ही सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात राहायचो. बिऱ्हाडं अकरा, नळ दोन, टीव्ही एक. टीव्ही अर्थातच मालकांचा. चार बारीक पायांवर उभा, पुढे लाकडी सरकती दारं, त्या दारांना कुलूप आणि कुलपाची किल्ली मालकीणकाकूंच्या कमरेला. तेव्हा टीव्हीला परवाना लागायचा, त्याची फी पोस्टात भरायची. ते परवान्याचं पुस्तक काकांनी देवघरातल्या पोथ्यांच्या शेजारी ठेवलं होतं. पडद्यावर एक रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावलेला असायचा: वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आभाळ निळं दिसावं आणि गवत हिरवं, अशी त्यामागची कल्पना. पण टीव्हीत आभाळ आणि गवत असतं किती? बहुतेक वेळ माणसंच. त्यामुळे बातम्या वाचणारे प्रदीप भिडे आमच्याकडे कपाळावर निळे आणि गळ्याखाली हिरवे होते. अनेक वर्षांनी त्यांना धड रंगीत टीव्हीवर पाहिलं, तेव्हा हा माणूस आजारी तर नाही ना, असं वाटलं मला.

मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुण्याला ते दिसायचं सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. हे वाड्यातल्या मोठ्या मुलांनी सांगितलेलं. त्यातला मुंबईचा भाग मी सोडून दिला आणि सिंहगडाचा धरून ठेवला. तिसरीत शाळेची सहल गडावर गेली. बाई तानाजीच्या समाधीपाशी लढाई रंगवून सांगत होत्या आणि मी मनोऱ्याच्या कुंपणाला नाक लावून उभा. टीव्हीतली माणसं डबा खायला बाहेर येतील अशी माझी अटकळ. बराच वेळ कुणीच आलं नाही, मग एक रखवालदार आला. मी विचारलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आज सुट्टीवर आहेत सगळे." मला ते पटलं. सहल रविवारची होती.

(अँटेनाबद्दल मी लिहिणार नाही. कौलांवर चढून "आलं का? गेलं!" हे ओरडणं आजवर इतक्या जणांनी लिहिलंय की ते वाचूनच माझ्या मानेला रग लागते.)

व्यत्ययाबद्दल मात्र लिहायलाच हवं. चालू कार्यक्रम अचानक थांबायचा आणि पडद्यावर फक्त एक शब्द यायचा: व्यत्यय. आवाज नाही, हालचाल नाही. आयुष्यात मी आपला आपण वाचलेला पहिला अवघड शब्द तो. पहिलीतल्या माझ्या वाचनाची मजल कमळ आणि बदक यांच्यापुढे गेली नव्हती, आणि इथे एका शब्दात तीन य. त्यातले दोन दुसऱ्या अक्षरांना पाठीमागून चिकटलेले, एक सुटा. पडद्यावर तो इतका वेळ असायचा की बोटानं हवेत गिरवून व्हायचा. बाकीच्या कार्यक्रमांना जशी नावं असतात तसं हेही एका कार्यक्रमाचं नाव, अशी माझी समजूत. मुळात तो अधूनमधून लागायचा आणि मोठी माणसंही तो न हलता पाहायची. शाळेत 'मला आवडणारे कार्यक्रम' असं काहीतरी सांगायचं होतं, तेव्हा मी उभा राहून खणखणीत सांगितलं, "किलबिल, गजरा आणि व्यत्यय." बाई हसल्या. त्यांच्याकडेही टीव्ही असणार.

काकूंचा टीव्ही एकदा उघडला की बंद होईपर्यंत आम्ही उठायचो नाही, मग त्यावर काही का लागेना. 'संताकुकडी' हा गुजराती मुलांचा कार्यक्रम, तो एक अक्षर न कळता पाहिला. 'कामगार विश्व' पाहिलं. 'आमची माती, आमची माणसं' तर इतक्या निष्ठेनं पाहिलं की एक तुळस आणि एक पारिजातक एवढीच शेती असलेल्या आमच्या वाड्यातल्या पोरांना कपाशीवरच्या किडीची लक्षणं पाठ होती. 'साप्ताहिकी'त पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगायचे. ते ताई भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर भराभर उतरवून घ्यायची, आणि मग आईपुढे वाटाघाटी सुरू. कुठल्या दिवशी काकूंकडे जायचं, कुठल्या दिवशी नाही. रोज गेलं तर बरं दिसत नाही, हे आईचं पालुपद.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. 'हम लोग' सुरू झालं ७ जुलै १९८४ ला, तेव्हा ती तेरा वर्षांची आणि मी आठ. हिंदीतल्या दीडशेहून जास्त भागांच्या त्या मालिकेला देशातली पहिली मोठी धारावाहिक मालिका म्हणतात. तिची जन्मकथा मला फार उशिरा कळली आणि ती मालिकेपेक्षाही आवडली. वसंत साठे तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होते, आपल्या नागपूरकडचे. मेक्सिकोत कौटुंबिक मालिकांमधून लोकांना कुटुंबनियोजनाचे आणि साक्षरतेचे धडे दिले जातात हे त्यांनी पाहिलं आणि तसं काहीतरी इथं करावं असं त्यांच्या मनानं घेतलं. मनोहर श्याम जोशींनी लिहायला घेतलं. उत्तरेकडचं एक निम्न मध्यमवर्गीय घर: दारू पिणारे बसेसर राम, राबणारी भागवंती, आजी-आजोबा, लल्लू, नन्हे, बडकी, मझली, छुटकी. आणि धडा तर द्यायचाच होता, म्हणून शेवटी अशोककुमार. म्हणजे प्रेक्षकाला गोष्टीच्या पुडीत बांधून औषध द्यायचं, हे मुळातच ठरलेलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अडचण एकच. मालिका रात्री लागायची आणि मला झोप यायची.

काकूंच्या माजघरात सतरंजी घातलेली असे. पोरं पुढे, पुरुष खुर्च्यांवर, बायका भिंतीला टेकून. मला पुढची जागा मिळायची, अगदी स्टॅबिलायझरची घरघर पोटात ऐकू येईल इतकी पुढची. पाटी पडायची, संगीत वाजायचं, बसेसर राम एकदा घरात येऊन कुणावर तरी ओरडायचे, आणि माझी मान कलंडायची. त्यानंतर थेट सकाळ. काकूंच्या घरातून आमच्या खोलीत मी कसा पोचायचो ते मला ठाऊक नसे. ताई उचलून आणायची, असं आई सांगायची.

सकाळी शाळेची तयारी करताना ताई मला भाग सांगायची. मी पाटावर, ती मागे गुडघ्यांवर, एका हातात फणी आणि दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरलेली. तेल चोपडलं की भांग पाडेपर्यंत साधारण अर्धा भाग व्हायचा, उरलेला अर्धा शाळेच्या वाटेवर. तिच्या बोटांना लसणाचा वास असायचा. तेलाचा आणि लसणाचा तो एकत्र वास मला आजही कुठे आला, की बडकीचं आज काय होणार असं मनात येतं. ताई आवाज बदलून सांगायची. दादी खोकायची, बसेसर राम अडखळायचे. हिंदी संवाद ती अर्धे मराठीत करून टाकायची. आणि शेवटी, शाळेच्या फाटकापाशी, चष्मा सारखा केल्यासारखं करून जड आवाजात: "तर बाळांनो, आज आपण काय पाहिलं?" मग तो दुधी, ते दात, तो हातचा.

नन्हेला क्रिकेटपटू व्हायचं होतं. ताईच्या एका भागात तो झाला. नुसता झाला नाही, त्याचा खेळ बघायला सुनील गावसकर स्वतः त्यांच्या घरी आले, भागवंतीच्या हातचा चहा प्यायले आणि नन्हेला आपली बॅट देऊन गेले. मी हे मधल्या सुट्टीत सांगितलं. वर्गातला एक जण म्हणाला, असं काही झालंच नाही, त्यानं काल पूर्ण भाग पाहिला होता, त्याच्या स्वतःच्या घरी. मी जराही डगमगलो नाही.

"तुमच्या टीव्हीवर नसतील आले," मी म्हटलं. "आमच्या टीव्हीवर आले होते."

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारच्या कार्यक्रमांना मी जागा असायचो. १९८५ मध्ये रामानंद सागर मंडळींचं 'विक्रम और बेताल' सुरू झालं. अरुण गोविल विक्रमराजा, आणि त्यांच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे सज्जन, वेताळ. राजाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगायची, शेवटी पेचात टाकणारा प्रश्न विचारायचा आणि राजा उत्तर द्यायला बोलला रे बोलला, की गेला वेताळ परत झाडावर. मला आठवतो तो रविवार असा. एका मुलीला मागणी घालणारे तिघं जण. मुलगी अचानक मरते. एक जण तिच्या राखेवरच झोपडी बांधून राहतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो. तिसरा कुठे कुठे वणवण करून मेलेल्याला उठवायचा मंत्र शिकून येतो. ती जिवंत होते आणि तिघंही भांडायला लागतात. सांग राजा, ती कुणाची बायको? आणि वीज गेली.

माजघर तसंही अंधारं. आम्ही सगळे बाहेर चौकात आलो. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही, मग एकदम सगळेच बोलायला लागले. काका म्हणाले, मंत्रवाल्याची, उघड आहे. तो नसता तर बाकीच्यांना राखच मिळाली असती. काकूंच्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आजी म्हणायचो, सोवळ्यातल्या होत्या आणि टीव्ही लांबून बघायच्या. त्या म्हणाल्या, "जन्म दिला तो बाप. अस्थी नेल्या तो मुलगा. नवरा कुठला त्यांच्यात?" काका गप्प झाले. वाड्यातल्या एका वकिलांनी कायद्याचं काहीतरी काढलं, ते कुणी ऐकलं नाही. तेवढ्यात ताई आतून उंबऱ्यापर्यंत आली. हाताला कणीक. म्हणाली, "मग राहिला तो राखेवाला. तो कुठे गेलाच नाही." आणि परत आत गेली.

वीज आली तेव्हा पडद्यावर भलतंच काहीतरी चालू होतं. राजानं काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. पुढे वाचनालयात वेताळपंचविशी मिळाली, त्यात विक्रमाचं उत्तर तेच होतं. आजींचं अर्धं आणि ताईचं अर्धं.

२५ जानेवारी १९८७ ला त्याच सागर मंडळींचं 'रामायण' आलं आणि राम म्हणून पुन्हा अरुण गोविल. आम्हा पोरांना पहिले काही भाग त्यांच्या पाठीवर वेताळ कधी येतो याचीच वाट पाहायची सवय. रस्ते ओस पडायचे, लोक टीव्हीला हार घालायचे, हे सगळं खरं, आणि तेही लिहून झालेलं आहे. आमच्या वाड्यात वेगळाच पेच होता. 'रामायण' रविवारी सकाळी साडेनऊला, आणि नळ जायचा दहाला. अकरा बिऱ्हाडांचं पाणी भरायचं त्याच अर्ध्या तासात. मग काकूंनी आवाज मोठा करून ठेवायचा आणि नळापाशी कळशा घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी ऐकायचं. ३१ जुलै १९८८ पर्यंत हे असंच चाललं. माझ्या आईनं ते अठ्ठ्याहत्तर भागांचं रामायण पाहिलं नाही, ऐकलं. रवींद्र जैनांनी गाणं धरलं की ती म्हणायची, "आता रडारड आहे, तेवढ्यात ती बादली सारा." काही वर्षांनी एका मासिकात तिनं अरुण गोविलांचा मोठा फोटो पाहिला आणि खट्टू झाली. "असा दिसतो होय? मला सावळा वाटला होता."

१९८९ मध्ये आमच्याकडे स्वतःचा टीव्ही आला. चौदा इंची, काळा-पांढरा, हप्त्यावरचा. काकूंकडे जाणं संपलं. दहा बाय बाराच्या खोलीत ओटा आणि टीव्ही समोरासमोर, त्यामुळे ताई पोळ्या लाटताना मान वळवून बघायची. लाटणं थांबायचं, तव्यावरची पोळी करपायची, आई ओरडायची. 'गोट्या' आम्ही असं पाहिलं. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकातला तो पोरका मुलगा, आणि अशोक पत्कींनी चाल दिलेलं ते शीर्षकगीत. ते सुरू झालं की ताई पोळपाट सोडून पुढे यायची आणि गाणं संपेपर्यंत उभी राहायची. पिठाचे हात अंगापासून लांब धरून, कुठे लागू नयेत म्हणून. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होतो, पुढे बसलेलो, आणि "बाजूला हो, दिसत नाही," असं मी तिला म्हणायचो.

आता मला झोप येत नसे, त्यामुळे सकाळी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझा भांगही मीच पाडायला लागलो होतो.

पुढे ताई लग्न होऊन नाशिकला गेली. वाडा पडला, त्या जागी सात मजले आले. वाहिन्या इतक्या झाल्या की त्यांचे आकडे सांगण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी गुडघ्याचं दुखणं निघालं, तीन आठवडे घरी होतो. फोनवर 'हम लोग'चे जुने भाग सापडले. आधी वाटलं, नको. बालपणीचं काही पुन्हा पाहिलं की ते लहान होतं, हा अनुभव आहे. पण पाहिलं. भाग साधे, संथ, खोल्या अगदी आमच्याच खोलीसारख्या. रंग बघून मात्र दचकलो. मनात ते सगळं काकूंच्या कागदातून निळं-हिरवं साठवलेलं होतं. पहिल्या भागानंतर अशोककुमार आले. मी उशीला टेकून नीट बसलो. ते छान बोलले. शेवटी भारतातल्या वेगवेगळ्या भाषांमध्ये 'हम लोग' म्हणाले, गेले. दुधीचं नाव नाही. दुसरा भाग. तिसरा. मी दहा-बारा भाग पाहिले. दात नाहीत, हातचा नाही. गावसकर तर नाहीतच.

ताईला फोन लावला.

"ताई, अशोककुमार दुधी भोपळ्याबद्दल कधी बोललेच नाहीत."

पलीकडे क्षणभर काही नाही, मग ती अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. "अरे, त्या दिवशी आईनं दुधी केला होता. तू हात लावीनास. मग काय करणार?"

"आणि गावसकर?"

"ते आठवत नाही. केलं असेल काहीतरी. तू आदल्या दिवशी रडत होतास वाटतं, तुला खेळायला घेतलं नाही म्हणून."

मी म्हटलं, पण खरी गोष्ट तरी धड सांगायचीस ना. मागे बसून एवढं सगळं बघत होतीस.

"मी कुठे बसले होते?" ताई म्हणाली. तक्रारीच्या सुरात अजिबात नाही, मला एवढं साधं कसं माहीत नाही, अशा आश्चर्यानं. "दुसऱ्यांकडे टीव्ही बघायला जायचं तर मोकळ्या हातानं कसं जायचं? आई सांगून पाठवायची, काकूंच्या हाताखाली जरा बघ म्हणून. मी आत असायचे. दुसऱ्या दिवशीचा लसूण सोलायचा, शेंगा फोडायच्या, मागचं आवरायचं. ऐकू यायचं सगळं. त्यात हिंदी निम्मं कळायचं. उरलेलं मग सकाळी तुला सांगताना सुचायचं."

मला काय बोलावं ते सुचेना. पडद्यापासून दोन हातांवर मी झोपलेला, भिंतीपलीकडे ती जागी. एवढी वर्षं मी ज्याला माझं पाहणं समजत होतो, ते तिचं ऐकणं होतं.

"बरं, ते जाऊ दे," ती म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "आता बघतोयस तर सांग. त्या बडकीचं पुढे काय झालं? तेव्हा माझी परीक्षा आली आणि जाणं बंद झालं. तेवढं राहूनच गेलं बघ."

मी अजून तिथपर्यंत पोचलो नव्हतो.

"ऐक," मी म्हटलं. आणि सुरुवात केली. बडकीला नोकरी लावली, एक चांगलासा डॉक्टर आणला, दादीला दोनदा खोकायला लावलं. ताई "हं, हं" करत होती. रंगात येऊन मी मध्येच अशोककुमारांचा आवाज काढला आणि विचारलं, "बाळ, बीपीची गोळी घेतलीस का?"

"घेते रे," ताई म्हणाली. "आधी बडकीचं सांग."